जुन्या इंजिनाला तेलाचा पंप: गरज कुठे, हौस कुठे

फोर्ड मॉडेल टीच्या इंजिनात तेलाचा पंप नाही. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटी मॉडेल टी कारखान्यातून बाहेर पडल्या. जिथे रस्ता होता तिथे त्या गेल्या आणि जिथे नव्हता तिथेही गेल्या. पण त्यांच्या क्रँकशाफ्टला दाबाने तेल पुरवण्याची सोय फोर्डने शेवटपर्यंत केली नाही. आज अशा गाडीचे इंजिन कामाला काढले की मालक आणि मेस्त्री यांच्यात एक प्रश्न हटकून निघतो. आता उघडलेच आहे, तर पंप बसवून टाकायचा का? हा प्रश्न एकट्या टीचा नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांतल्या असंख्य इंजिनांत एकतर पंपच नव्हता किंवा पंप असूनही दाब नव्हता. त्यामुळे जगभरचे जुन्या गाड्यांचे शौकीन गेली कित्येक दशके यावर वाद घालत आले आहेत. दोन्ही बाजूंनी बोलणारी माणसे हाताने काम केलेली असतात, म्हणून हा वाद नीट समजून घेण्यासारखा आहे.

टीचे वंगण कसे चालते ते इंजिनाखालचे तेलाचे चेंबर उतरवले की डोळ्यांना दिसते. फ्लायव्हीलवर मॅग्नेटोची १६ चुंबके बसवलेली असतात आणि फ्लायव्हीलचा खालचा भाग सतत तेलात असतो. इंजिन फिरू लागले की रहाटाने पाणी वर यावे तसे तेल चुंबकांबरोबर वर चढते आणि चहूकडे उडते. त्यातले थोडे एका लहानशा नरसाळ्यात पडते. नरसाळ्याला जोडलेली बारीक नळी इंजिनाच्या आतून थेट पुढे, टायमिंग गिअरपाशी जाते. तिथे सांडलेले तेल उताराने मागे येता येता चेंबरच्या तळातल्या खळग्यांत साठते. पिस्टनच्या कनेक्टिंग रॉडची टोके या खळग्यांत बुडून तेल उडवतात आणि त्या शिंतोड्यांवर बेअरिंग, पिस्टन, कॅम अशा सगळ्यांचे भागते. तेल मोजायला पट्टी नाही. फ्लायव्हीलच्या आवरणाला दोन तोट्या आहेत. वरच्या तोटीतून तेल आले तर भरपूर आहे आणि खालच्या तोटीतूनही आले नाही तर तातडीने भरायला हवे, एवढा साधा हिशेब.

या मांडणीत दोन कच्चे दुवे आहेत. टीचा गिअरबॉक्स आणि इंजिन एकाच तेलावर चालतात आणि गिअरबॉक्समधल्या पट्ट्यांचे मूळ अस्तर सुती असे. ते झिजले की सुताचा बारीक लिंट तेलात मिसळतो आणि नेमका त्या एकुलत्या एक नळीत जाऊन बसतो. नळी तुंबल्याचे बाहेरून कळत नाही. कळते ते थेट पुढचे बेअरिंग वाजायला लागल्यावर. दुसरा दुवा चढाचा. गाडीचे नाक वर झाले की सगळे तेल मागे जमा होते आणि पहिल्या सिलिंडरच्या रॉडखालचा खळगा रिकामा पडू लागतो. छोट्या चढावर हे निभून जाते, पण लांबलचक घाटात ‘फुल थ्रॉटल’वर, इंजिनावर सगळ्यात जास्त भार असताना, पुढच्या रॉडला सगळ्यात कमी तेल मिळते. भारतात आलेल्या फोर्ड गाड्या प्रामुख्याने कॅनडाच्या फोर्ड कंपनीमार्फत येत, कारण ब्रिटन वगळता साम्राज्यातला बहुतेक बाजार तिच्याकडे होता. खंडाळ्याचा किंवा कसाऱ्याचा घाट चढणाऱ्या टीच्या पोटात असाच खेळ चालला असणार.

टीचा काळ आला तोवर मोटारींचे वंगण बरेच पुढे आले होते, हेही विसरायला नको. त्याआधीच्या गाड्यांत चालकाच्या समोर पितळी डबा आणि काचेच्या नळ्या असत. थेंब पडताना दिसायचे आणि स्क्रू फिरवून थेंबांचा वेग ठरवायचा. द दियों-बुतोंच्या छोट्या गाड्यांत हाताने ओढायचा पंप होता आणि काही मैल गेले की चालकाने आठवणीने एक दट्ट्या तेल इंजिनात सोडायचे. हे तेल परत येत नसे. थोडे जळून धुरातून जाई, उरलेले रस्त्यावर गळे. १९०५ पूर्वीच्या गाड्यांसाठी दरवर्षी नोव्हेंबरात होणाऱ्या लंडन–ब्रायटन फेरीत आजही अशी इंजिने धूर सोडत पळताना दिसतात. त्यांच्यावर पंपाचा प्रयोग करायची कोणाला फारशी इच्छा होत नाही आणि ते योग्यच आहे. एक सिलिंडर, मंद गती आणि प्रत्येक थेंब ताजा, अशा इंजिनाला दाबाची गरजच पडत नाही.

पंप नक्की कशासाठी लागतो, याचे उत्तर मोटारींच्याही आधी सापडले होते. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या इन्स्टिट्यूशन ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्सच्या समितीसाठी बोशां टॉवर रेल्वेच्या आसासारख्या बेअरिंगवर घर्षणाचे प्रयोग करत होते. आस खालून तेलात बुडालेला होता आणि वर बेअरिंगचा पितळी तुकडा भाराने दाबून ठेवला होता. वरून तेल घालता यावे म्हणून टॉवर यांनी त्या पितळेला अर्ध्या इंचाचे भोक पाडले. यंत्र सुरू होताच तेल आत जाण्याऐवजी भोकातून वर उसळू लागले. त्यांनी बूच मारले, ते उडाले. लाकडी खुंटी ठोकली, तीही वर सरकत बाहेर आली. शेवटी तिथे दाबमापक लावला, तर काटा चौरस इंचाला २०० पौंडांच्या पुढे गेला. बेअरिंगवरचा सरासरी भार मात्र चौरस इंचाला १०० पौंडच होता. म्हणजे आस पितळेला टेकलेलाच नव्हता. फिरता फिरता त्याने स्वतःच तेल ओढून घेतले होते आणि त्या तेलाच्या पातळ थरावर तो तरंगत होता. १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी याचे गणित मांडले. आजही बेअरिंगची आखणी त्याच पायावर होते.

पंपाच्या वादातला निम्मा गोंधळ या एका प्रयोगाने दूर होतो. डॅशबोर्डवरच्या मीटरमध्ये दिसणारा दाब क्रँकशाफ्टला उचलून धरतो असा समज फार पसरलेला आहे. तो खरा नाही. भार पेलणारा दाब शाफ्टच्या फिरण्यातून, तेलाच्या थरातच तयार होतो आणि तो पंपाच्या दाबापेक्षा किती तरी पट मोठा असतो. पंपाचे काम पुरवठ्याचे. बेअरिंगच्या कडांतून निसटलेल्या तेलाची जागा ताज्या तेलाने भरायची आणि जाता जाता तिथली उष्णताही वाहून न्यायची. तेव्हा जुन्या इंजिनाबाबत विचारायचा प्रश्न दाब किती, हा नाही. सगळ्यात कठीण वेळी, सगळ्यात लांबच्या बेअरिंगला पुरेसे तेल मिळते का, हा आहे. मिळत असेल तर पंपाने फार काही पदरात पडणार नाही.

पुरवठ्याचे हे काम पंपाकडे सोपवायची कल्पना वाफेच्या इंजिनवाल्यांची. बर्मिंगहॅमच्या बेलिस अँड मॉरकम या कारखान्यातल्या ए. सी. पेन यांनी १८९० मध्ये वेगवान स्टीम इंजिनांसाठी दाबाच्या वंगणाचे पेटंट घेतले. मोटारींत लँचेस्टरने १९०४ च्या चार सिलिंडरच्या गाडीला ते दिले आणि रोल्स-रॉइसने सिल्व्हर घोस्टच्या सात बेअरिंगच्या क्रँकशाफ्टलाही दाबानेच तेल पुरवले. १९०७ मध्ये ही गाडी १५,००० मैलांच्या चाचणीत धावली आणि इंजिन उघडून झीज मोजली गेली तेव्हा तिचे नाव झाले. म्हणजे टी बाजारात आली तेव्हा हे तंत्र माहीत होते. फोर्डला ते नको होते, कारण भोके पाडलेला क्रँक, पंप, त्याचा गिअर आणि नळ्या असा सगळा खर्च वाढला असता. शिवाय २० अश्वशक्ती मिनिटाला १६०० फेऱ्यांवर देणाऱ्या इंजिनाला शिंतोड्यांचे तेल बहुतांशी पुरत होते.

मग टीमध्ये पंप बसवणारे तेव्हाही का होते? शर्यतींमुळे. टीच्या ब्लॉकवर रॅजो किंवा शेव्हरोले बंधूंचे फ्रॉन्टेनॅक हेड चढवून माणसे दुप्पट-तिप्पट ताकद काढत. अशाच एका फ्रॉन्टी-फोर्डने १९२३ च्या इंडियानापोलिस ५०० मध्ये पाचवा क्रमांक मिळवला. फेऱ्या वाढल्या की खळग्यातले तेल रॉडखाली टिकत नाही. एकदा उडालेले तेल परत जमायच्या आत रॉड पुन्हा तिथे येतो. त्यामुळे शर्यतवाल्यांनी क्रँक ड्रिल केले आणि बाहेर पंप लावले. त्यांच्यापुरता तो उपाय अटळ होता.

रस्त्यावरच्या टीला मात्र त्याहून सोपा उपाय आहे आणि तोही तितकाच जुना. फ्लायव्हीलच्या आवरणावरून एक जाडशी तांब्याची नळी बाहेरून इंजिनाच्या पुढच्या बाजूला न्यायची. उडणारे तेलच तिच्यात शिरते आणि पुढे पोहोचते. आतली नळी तुंबली तरी ही चालू राहते, घाटात पुढच्या रॉडला तेल मिळते, आणि उद्या कोणाला गाडी मूळ रूपात हवी असेल तर नळी अर्ध्या तासात निघते. तिच्या जोडीला पट्ट्यांना सूत न सोडणारे अस्तर लावले आणि तेल वेळच्या वेळी बदलले की रस्त्यावरच्या टीची मूळ अडचण सुटते.

खरी चुरस फोर्डच्याच मॉडेल ए वर आहे. १९२७ च्या अखेरीस आलेल्या या गाडीत पंप आहे. चेंबरमध्ये बसलेला आणि कॅमशाफ्टवरच्या गिअरने फिरणारा हा पंप तेल वर ढकलतो, पण ढकलतो कुठे, तर व्हॉल्व्हच्या कप्प्यात. तिथून ते स्वतःच्या वजनाने नळ्यांतून तिन्ही मेन बेअरिंगवर उतरते. उरलेले तेल बाहेरच्या बाजूच्या एका पाइपातून पुन्हा खाली, चेंबरच्या पुढच्या भागात येते. रॉडच्या बेअरिंगांना यातले थेट काहीच मिळत नाही. त्यांच्यासाठी चेंबरमध्ये पत्र्याची ताटली आहे, तिच्यात चार पन्हाळी आहेत आणि प्रत्येक रॉडच्या टोकाला चमच्यासारखी पाती आहे. त्यामुळे ए च्या इंजिनाला कोणी दाबमापक लावला की काटा जेमतेम हलतो आणि मालक घाबरतो. घाबरण्यासारखे काही नसते. तिथे दाब मुळात अपेक्षितच नाही.

ए ला पूर्ण दाबाचे वंगण द्यायचे म्हणजे नुसता मोठा पंप बसवून चालत नाही. क्रँकशाफ्टमध्ये मेन जर्नलपासून रॉडच्या जर्नलपर्यंत तिरकी भोके पाडावी लागतात. पुढच्या मेनमधून पहिल्या रॉडला, मधल्या मेनमधून दुसऱ्या आणि तिसऱ्या रॉडला, मागच्या मेनमधून चौथ्याला. मेन बेअरिंगमध्ये खाच कोरावी लागते, नाहीतर क्रँकचे भोक फिरता फिरता काही वेळच तेलासमोर येते. मधल्या मेनला दोन रॉडचे तेल पुरवायचे असते, त्यामुळे तिथला मार्ग मोठा हवा. व्हॉल्व्हच्या कप्प्याकडे जाणारे पंपाचे तेल बेअरिंगांकडे वळवायचे, पण कप्प्याचे पूर्ण बंद करायचे नाही, कारण कॅम आणि टॅपेट त्यावरच जगतात. जास्तीचा दाब सोडून देणारा व्हॉल्व्ह हवा. प्रत्येक भोकाची कड गोल घासलेली हवी, कारण तीक्ष्ण कड म्हणजे क्रँकला तडा जाण्याची तयार जागा. ड्रिलचा एक कीस जरी आत राहिला तरी पंप तो नेमका नव्या बेअरिंगमध्ये नेऊन सोडतो. हे काम ज्या लेथवाल्याला जमते तो जपून ठेवावा.

इतके करूनही दोन त्रास मागे लागतात. ए च्या मागच्या मेन बेअरिंगला आजच्यासारखे रबरी सील नाही. तेल उडवून परत फिरवणारी चकती आणि एक निचऱ्याची नळी, एवढेच. वरून थेंब थेंब येणाऱ्या तेलाला ती पुरते, दाबाने येणाऱ्या तेलाला पुरत नाही, आणि क्लचखाली डबके साचते. दुसरा त्रास धुराचा. रॉडच्या कडांतून दाबाने निसटणारे तेल सिलिंडरच्या भिंतींवर जास्त प्रमाणात उडते. जुन्या पद्धतीच्या रिंगांना ते आवरत नाही आणि प्लग काळे पडू लागतात. बेअरिंगमधली जागा आधीच वाढलेली असेल तर हे आणखी वाढते, कारण पंपाचे तेल त्या मोकळ्या जागेतून आडवे निघून जाते आणि दाबही राहत नाही. बेअरिंगमधली जागा शाफ्टच्या दर इंच व्यासाला साधारण इंचाचा हजारावा भाग असावी, हा जुना नियम. ती त्याच्या दुप्पट झालेल्या इंजिनाला पंप लावणे म्हणजे आजार सोडून भलत्याच ठिकाणी उपचार करणे.

तरीही ए च्या बाबतीत पंपवाल्यांची बाजू अगदीच लंगडी नाही. फोर्डने स्वतःच १९३२ च्या मॉडेल बीमध्ये मेन बेअरिंगांना दाबाचे तेल दिले. ताकद ४० वरून ५० अश्वशक्तीवर नेताना त्यांना याची गरज वाटली. ज्याला ए घेऊन महामार्गावर दिवसभर पळायचे आहे, हेड बदलून कॉम्प्रेशन वाढवायचे आहे, त्याने रॉडच्या पात्यांवर भरवसा ठेवू नये. पण मग अर्धवट बदल करू नये. मेन बेअरिंगांना दाब द्यायचा आणि रॉड शिंतोड्यांवर सोडायचे, हा बीसारखा मधला मार्ग संथ चालणाऱ्यांसाठी ठीक आहे. जोरात पळणाऱ्यासाठी कच्चा दुवा रॉडचाच असतो आणि तो तसाच राहतो. अलीकडे ए साठी पाच मेन बेअरिंगचे, शेल बेअरिंग आणि पूर्ण दाबाचे नवे ब्लॉकही मिळतात. वेगाची हौस असेल तर जुन्या ब्लॉकची चाळण करण्यापेक्षा ते किती तरी बरे.

शिंतोड्यांची पद्धत कमजोर होती म्हणून लवकर गेली, असा समज असेल तर शेव्हरोलेकडे पाहावे. १९२९ मध्ये आलेल्या त्यांच्या सहा सिलिंडर इंजिनात मेन बेअरिंगांना पंपाचे तेल मिळे, पण रॉडना पन्हाळी आणि पाती. वेग वाढला की नळ्यांतून सुटणारी तेलाची धार थेट रॉडच्या पात्यावर बसे, एवढी सुधारणा. ही व्यवस्था त्यांनी १९५३ पर्यंत चालवली. त्या वर्षी पॉवरग्लाइड गिअरबॉक्सच्या गाड्यांना पूर्ण दाबाचे इंजिन मिळाले आणि १९५४ पासून सगळ्यांना. हडसनच्या सरळ आठ सिलिंडर इंजिनातही १९५२ पर्यंत तेल शिंतोड्यांनीच मिळे. १९४० मध्ये शर्यतपटू हुआन मॅन्युएल फांजिओने शेव्हरोले घेऊन ब्युनॉस आयर्स ते लिमा आणि परत अशी सुमारे साडेनऊ हजार किलोमीटरची शर्यत अँडीज ओलांडून जिंकली. त्या मॉडेलला कारखान्यातून मिळणारे इंजिन याच पात्यांवर चालणारे होते.

मुंबईचा या इंजिनाशी जवळचा संबंध आहे. शेव्हरोले बनवणाऱ्या जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला, भारतातला तो पहिला, आणि १९५४ पर्यंत तो चालला. १ जून १९४८ ला पुणे–अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी सुटली. त्या सुरुवातीच्या ताफ्यात बेडफर्ड, फोर्ड, स्टुडबेकर, अल्बियन यांच्याबरोबर शेव्हरोलेही होत्या. त्या काळच्या शेव्हरोलेच्या पेट्रोल इंजिनांत रॉडचे तेल पन्हाळीतूनच येई. आज महाराष्ट्रातल्या कोणा संग्राहकाकडे चाळीसच्या दशकातली शेव्हरोले असेल तर तिच्यावर पंपाचा प्रयोग करण्याचे काहीच कारण नाही. पन्हाळीची उंची आणि धारेचा कोन कंपनीच्या मापाने जुळवला, जाळी साफ ठेवली, की ते इंजिन आपले काम करते. वेडा वेगच हवा असणाऱ्या अमेरिकन पोरांनी तर त्या काळीही पात्यांचे इंजिन सुधारत बसण्याऐवजी पूर्ण दाबाचे जीएमसीचे इंजिन उचलून बसवले.

ऑस्टिन सेव्हनची, म्हणजे आपल्याकडच्या ‘बेबी ऑस्टिन’ची गोष्ट आणखी वेगळी. १९२२ मध्ये आलेल्या आणि १९२३ पासून ७४७ सीसीच्या झालेल्या या इंजिनात पंप होता, पण क्रँकपर्यंत नळी नव्हती. दोन जेटमधून तेलाची पिचकारी फिरत्या क्रँकवर सुटायची. क्रँकमधल्या भोकात जे शिरले ते फिरण्याच्या जोराने रॉडपर्यंत पोहोचायचे. इंग्लंडमधल्या शौकिनांनी या पद्धतीला ‘थुंका आणि आशा ठेवा’ अशा अर्थाचे नावच दिले. या इंजिनात सगळा जीव जेटमध्ये असतो. बाजूचे प्लग काढून तारेने जेट साफ करायची सोय ऑस्टिननेच करून ठेवली होती. शर्यतीच्या अल्स्टर मॉडेलला मात्र कंपनीने दाबाने तेल मिळणारा वेगळा क्रँक दिला. तरुणपणी शर्यतपटू ब्रूस मॅक्लारेनने अशाच एका अल्स्टरवर शर्यतीचे धडे गिरवले. सेव्हनला दाबाचा क्रँक बसवणाऱ्यांना त्यामुळे एक आधार आहे: तो बदल त्याच गाडीच्या कुळातला आहे.

पंप बसवला, तर सोबत फिल्टर आलाच पाहिजे. शिंतोड्यांच्या इंजिनात घाण चेंबरच्या तळाशी बसते आणि तिथेच राहते. जुन्या इंजिनांतली व्हाइट मेटलची बेअरिंग मऊ असल्याने बारीक कण स्वतःत रुतवूनही घेतात. पंप मात्र तीच घाण उचलून सगळीकडे वाटतो. आजचे डिटर्जंट तेल जुना गाळ सुटा करून तरंगत ठेवते, म्हणून वर्षानुवर्षे न उघडलेल्या इंजिनात ते एकदम ओतणे धोक्याचे. आधी चेंबर उतरवून गाळ खरवडायचा, मग तेल बदलायचे. यात पंपापेक्षा जास्त आयुष्य वाचते.

जुन्या गाड्यांच्या जागतिक महासंघाने, फिव्हाने, २०१२ मध्ये ट्युरिनची सनद स्वीकारली. गाडीच्या मूळ काळानंतर केलेला बदल नजरेत न भरणारा आणि शक्यतो उलटवता येणारा असावा, असा तिचा आग्रह आहे. टीची बाहेरची नळी या कसोटीला उतरते. बोल्टने बसणारा फिल्टरही उतरतो. ड्रिल केलेला क्रँक उतरत नाही, कारण पाडलेले भोक बुजवता येत नाही. म्हणून दाबाचे वंगण खरेच हवे असेल तर ते नव्या, बाजारात मिळणाऱ्या क्रँकवर करावे. गाडीबरोबर आलेला मूळ क्रँक ग्रीस लावून ठेवावा, त्यावर इंजिन नंबराची चिठ्ठी बांधावी आणि गाडी विकताना कागदपत्रांबरोबर तोही द्यावा.